इथे चेहरा लिहिलेला नाही

"एक मिनिट... घाई नसेल तर जरा रडून दाखवता का?"

साप्ताहिकाच्या कचेरीच्या जिन्यात एका अनोळखी माणसाने मला हे विचारलं. रंगाचे डाग पडलेला सदरा, कानावर पेन्सिल आणि नाकावर वाकडा चष्मा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे मला माणसाआधी त्याचा चष्मा दिसतो. डावी काडी लोंबत होती. मनात म्हटलं, काडीचं सोडा, या माणसाचा वरचाही एखादा स्क्रू ढिला दिसतोय.

"का हो? मी काय वाईट केलंय तुमचं?"

"तुम्ही नाही. आमच्याकडे एक लेखिका आहे, तिने केलंय." तो सरळ पायरीवरच बसला. "प्रेमकथा लिहिते. मी तिची चित्रं काढतो. दर भागात हिच्या नायिकेच्या डोळ्यांत पाणी तरळतं. तरळलं म्हणजे नक्की काय झालं? ओठ कसे होते? हात कुठे होते? बाई सांगतच नाही! आणि गोष्टीत बारा महिने पाऊस. छत्र्या काढून काढून माझा जीव गेला."

ती लेखिका मी होते. नव्या भागाची पानं माझ्या पिशवीत होती आणि त्यातही पाऊस पडत होता.

"वाचकांना आवडतं म्हणे तिचं," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणाले.

"मलाही आवडतं. म्हणून तर राग येतो. इतकं छान हसवते... आणि ऐन वेळेला पळून जाते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला रडता येत नाही," असं सांगून मी वर गेले. पाठोपाठ तोही आला. संपादकबाई आम्हा दोघांना बघून खूश झाल्या. "अरे वा, भेटलात का? ही तुझी लेखिका. आणि हा गं, तुझा चित्रकार."

त्याचा चेहरा असा झाला की मला तो आजही जसाच्या तसा आठवतो. त्याने बारीक आवाजात विचारलं, "या भागात... पाऊस आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "मुसळधार."

त्या भागात नायिकेचं ठरलेलं लग्न मोडतं. फोन येतो, मुलाकडचे नाही म्हणतात. मी लिहिलं होतं, 'ती खळखळून हसली. म्हणाली, बरं झालं, सुटले! पण डोळ्यांत मात्र पाणी तरळलं.' बाहेर अर्थातच पाऊस.

चारसहा दिवसांनी तो आमच्या दुकानात हजर झाला. हातात कच्चं चित्र. खिडकी होती, टेबलावर फोन होता, मुलीच्या ओढणीची चूण न् चूण होती. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता कोरा कागद. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: इथे चेहरा लिहिलेला नाही.

"ती हसली, असं स्पष्ट लिहिलंय," मी म्हणाले.

"लिहिलंय. पण ती हसली नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही होतात तिथे?"

"नाही," तो म्हणाला. मग अगदी हळू, "तुम्ही होतात?"

मी हात पुढे केला आणि त्याचा चष्मा मागितला. चष्मा काढल्यावर त्याचे डोळे एकदम लहान मुलासारखे उघडे पडले, लांबचं सगळं शोधत राहिले. डाव्या काडीचा स्क्रू मी आवळला, काच पुसली, काउंटरवरून वाकून चष्मा त्याच्या कानांमागे बसवला. हे मी रोज कितीतरी माणसांना करते. त्या दिवशी माझी बोटं एखादा क्षण जास्त रेंगाळली, एवढंच.

"झालं. या आता."

"येतो," तो म्हणाला. "म्हणजे... परत येतो."

तो गेला आणि मी कोऱ्या चेहऱ्याकडे बघत बसले. हो, मी होते तिथे. तो फोन आमच्या घरी आला होता. मी खरोखर म्हणाले होते, "बरं झालं, सुटले!" आई घाबरून माझ्याकडे बघत होती, ती ते ऐकून हसली. पुढे त्याचा घरात विनोद झाला. ताई तो प्रत्येक समारंभात माझी नक्कल करून सांगायची. "आमची धाकटी खंबीर आहे," असं आई शेजारच्या काकूंना सांगायची. त्याच काकूंना ती दर आठवड्याला माझी गोष्टही वाचून दाखवायची. खरं लिहिलं असतं तर ते आधी आमच्याच घरात वाचलं गेलं असतं. इतके दिवस सांभाळलेलं खंबीरपण मी माझ्या हाताने छापायला देणार होते. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय?

चित्रकार परत आला. पुन्हा तोच डावा स्क्रू.

"कसला चष्मा वापरता हो तुम्ही?"

"चष्मा चांगलाय. नाक वाकडं असेल."

"नाकाला आम्ही स्क्रू लावत नाही."

"मग काय लावता?"

"काहींना वेसण लावायला हवी," मी म्हणाले. तो इतका मनापासून हसला की डोळ्यांचा नंबर काढायला आलेले आजोबा तक्ता सोडून आमच्याकडेच बघायला लागले. जाता जाता तो म्हणाला, "तो भाग पुढच्या अंकात ढकललाय. बाईंना सांगितलं, चित्र अडलंय."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे, असं सांगितलंय."

बोलणी त्याने खाल्ली होती, आणि तेही मला न विचारता. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसले आणि आधी पाऊस खोडला. त्या दिवशी पाऊस नव्हताच, कडक ऊन होतं, कपडे खडखडीत वाळले होते. मग जे झालं ते लिहिलं. सुटले, असं म्हणून ती आतल्या खोलीत जाते आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसते. बाबांचे सदरे, आईच्या साड्या, टोकाला टोक जुळवून. ढीग संपतो. मग ती सगळ्या घड्या मोडते आणि पहिल्यापासून सुरू करते, कारण हात थांबले तर काय होईल याची तिला भीती वाटते. ढिगात एक जांभळा ड्रेस असतो, त्या मुलाला तो रंग आवडतो म्हणून घेतलेला. त्याची घडी काही केल्या बसत नाही. एक बाही सारखी बाहेर येते. ती आत दुमडते, बाही बाहेर येते. पाणीबिणी काही तरळत नाही. डोळे कोरडे ठणठणीत. आणि तिला वाटतं, मी सुटले नाही. मला तो हवा होता. मीच त्याला नको झाले.

शेवटचं वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा परत लिहिलं.

पानं त्याने दुकानातच उभ्याने वाचली. मी एका बाईंच्या नाकावर नंबर काढायची फ्रेम चढवत होते, पण कान तिकडे होते. 'छान' म्हणाला असता तर मी पानं हिसकावून घेतली असती. 'अरेरे' म्हणाला असता तर फाडली असती.

त्याने वाचून पूर्ण केलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बाही... डावी की उजवी?"

"डावी," मी म्हणाले. आणि मला रडू आलं.

गोष्टीतल्यासारखं नाही. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि हातात काचांचा ट्रे असल्यामुळे काही पुसताही येत नव्हतं. फ्रेम चढवलेल्या बाई "अगो बाई, काय झालं?" म्हणत भलत्याच दिशेला बघत होत्या. आणि जिन्यात अनोळखी मुलीला रडून दाखवायला सांगणारा तो माणूस... तो वळला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि लहान मुलांच्या गुलाबी फ्रेमा मन लावून बघायला लागला. मी डोळे पुसेपर्यंत त्याने मान वळवली नाही. मला वाटतं, मी त्याच्या प्रेमात पडले ती तेव्हा, त्याच्या पाठीकडे बघताना.

तो भाग छापून आला. चित्रातली मुलगी रडत नव्हती, हसतही नव्हती. ओठ घट्ट मिटलेले होते आणि दोन्ही हात एका बाहीवर होते.

आईने काकूंना वाचून दाखवायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात होते. अर्ध्यावर तिचा आवाज थांबला. काकूंनी "पुढे?" विचारलं, तर म्हणाली, "चष्मा लागत नाहीये नीट." संध्याकाळी ती वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन माझ्या खोलीत आली आणि शेजारी बसली.

"त्या दिवशी घड्या फारच सरळ होत्या गं," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

मग आम्ही दोघींनी मिळून घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ए, तो विनोद मी आता सांगणार नाही हं." जिची इतके दिवस भीती बाळगली ती गोष्ट एवढीच निघाली.

आता शेवटचा भाग राहिला होता. लग्न मोडल्यानंतरच्या भागांत नवा नायक बरेच दिवस घुटमळत होता, त्याने आता बोलायला हवं होतं. लिहायला बसण्याआधी मी जुने अंक काढून सगळी चित्रं ओळीने मांडली, आणि मला हसूच फुटलं. नायिका समोरून होती, बाजूने होती, जिन्यात, खिडकीत, दारात होती. नायक प्रत्येक चित्रात पाठमोरा! जिथे वळायची वेळ आली तिथे मध्ये छत्री. छत्र्यांना कंटाळलेला हा गृहस्थ त्याच छत्रीआड लपून बसला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मग मी शेवटचा भाग लिहिला. 'तो वळला आणि म्हणाला,' इथपर्यंत. पुढची जागा कोरी ठेवली आणि खाली पेन्सिलीने टीप टाकली: नायकाला चेहरा नाही, त्यामुळे तो काय म्हणतो ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी काच पुसते न पुसते तोच तो दारात उभा.

"इथे काहीच लिहिलेलं नाही," तो पान पुढे करून म्हणाला.

"मी काय करू? तुमच्या एकाही चित्रात त्याने तोंड दाखवलेलं नाही."

त्याचे कान लाल झाले. "तोंड काढलं असतं तर... सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"तो कुणाकडे कसा बघतो ते."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर कुणीतरी शटर वर ढकलत होतं. त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. डावी काडी लोंबत होती.

"वाक्य सुंदर नाही," तो म्हणाला. "चालेल?"

"खरं असलं की चालेल."

"हा स्क्रू आपोआप ढिला होत नाही. मी करतो. घरी... भाजीच्या सुरीच्या टोकाने. म्हणजे मग इथे यायला कारण होतं, आणि... आणि तुम्ही चष्मा बसवता तेव्हा तुमचा चेहरा मला अगदी जवळून दिसतो. चष्म्याशिवाय मला तेवढंच दिसतं."

माझ्या जिभेवर विनोद तयार होता. वरच्या स्क्रूचा, चांगला होता. तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "स्क्रूच्या खाचेवर सुरीचे ओरखडे आहेत. दुसऱ्याच वेळी दिसले होते."

"मग बोलला नाहीत ते?"

"नाही. आणि..." इथून पुढे पळून जायला जागा नव्हती. "आणि तेव्हापासून मी तो कधी पूर्ण आवळलाच नाही."

त्याने नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का?"

"तुम्ही परत यावं म्हणून." मग घसा साफ करून मी ते दुरुस्त केलं. "तू परत यावास म्हणून."

मी चष्मा उचलला, पुसला, वाकून त्याच्या कानांमागे बसवला आणि बोटं तिथेच राहू दिली. तो हलला नाही. मीही नाही.

"आता आवळू का नीट?" मी विचारलं.

"आवळ," तो म्हणाला. "यायला आता कारण लागणार नाही."

शेवटचा भाग घेऊन आम्ही दोघं एकत्रच कचेरीचा जिना चढलो. संपादकबाईंना नायकाचं वाक्य अजिबात पटलं नाही. "प्रेमकथेचा शेवट भाजीच्या सुरीने कुणी करतं का?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी चित्र हातात घेतलं. नायक पहिल्यांदाच समोरून होता, हातात चष्मा, कान लाल, कुठेही छत्री नाही. बाईंनी चित्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकही शब्द न खोडता पानं छापायला दिली.