डावी पिशवी, उजवी पिशवी

परदेशातल्या उत्खननावरचे माझे पहिले दोन दिवस एका बाईच्या पावलांपाशी बसण्यात गेले. आमच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. त्यांनी पहिल्याच सकाळी बजावलं, "सांगाडा पायाकडून उचलायचा. डावं डाव्या पिशवीत, उजवं उजव्या. घोळ घातलास तर परतीचं तिकीट हातात देईन."

खड्डा टेकडीच्या उतारावर होता. वर ताडपत्री, चारही कडांना दोऱ्या. सांगाडा साठीच्या बाईचा, डावं मनगट कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. माझ्या आईचंही तसंच आहे, जिन्यावरून पडली होती. त्यात काय मोठंसं? मनगटं कुणाचीही मोडतात. खरं तर तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आईला एकटीला सोडून मी इथं आले होते, आणि विमानात बसल्यापासून आतून नुसती बधिर होते. रडूही येत नव्हतं.

मी सांगाड्याच्या पावलांसमोर मांडी घालून बसले. बांबूच्या काडीनं माती सैल करायची, ब्रशनं झाडायची, हाड पिशवीत टाकायचं. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला.

"पाय बघ ना कसे झालेत," आई म्हणाली. "माझे नाहीतच असं वाटतंय."

"साखर तपास."

"तपासली. नॉर्मल आहे. तू आपली माती उकर, मला शहाणपण शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती हसत होती. "अगं, डॉक्टरांनी डाव्या पायाला सुई टोचली आणि मला कळलं उजव्यात! तेही बघतच राहिले."

मी हसले नाही. शेडमध्ये जाऊन पिशव्या उघडल्या. समोर तोंड करून बसल्यामुळे माझी डावी बाजू ती सांगाड्याची उजवी, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. दोन्ही पावलं मी उलट्या पिशव्यांत भरली होती. कुणी बघायच्या आत अदलाबदल केली. घोळ निस्तरला म्हणून हायसं वाटलं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी नडग्या उचलल्या. दुपारी आई म्हणाली, "डावं-उजवं आता बरोबर कळतं. पण बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढलाय गं. उभंच राहता येत नाही. शेजारच्या काकू सोबतीला येऊन बसल्यात."

मी फोन चालूच ठेवला आणि शेडमधून पिशवी घेऊन खड्ड्यात उतरले. एक नडगी तिच्या जागी परत ठेवली.

"आई गं!" ती फोनवर ओरडली. "मुंग्या आल्या. उजव्या पायाला."

मी ठेवली होती ती उजवीच.

तेवढ्यात वरून मोजपट्टी ओरडली, "उचललेलं परत ठेवतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"बाई, हिला राहू द्या ना जमिनीत. पाया पडते."

"शेकडो वर्षं पडून आहे ती. तुला आजच दया आली होय?"

माझी आई, असं म्हणायला तोंड उघडलं. पण पुढचं वाक्य मलाच वेड्यासारखं वाटलं. ते मी गिळलं. त्यांनी नडगी माझ्यासमोर उचलून पिशवीत घातली.

चौथ्या दिवशी मला खड्ड्यातून काढून ऑफिसात लेबलं लिहायला बसवलं. पावसाचा अंदाज होता, म्हणून राहिलेला सांगाडा दोन अनुभवी मुलं उचलणार होती. मी आडवं पडायला हवं होतं, आरडाओरडा करायला हवा होता. मी लेबलं लिहीत बसले. मांडी. कंबर. डावा हात. उजवा हात. अक्षर चांगलं येत होतं. शेवटचं लेबल लिहिलं: कवटी. एका मुलानं ते नेलं.

दुपारी हाडं कागदात गुंडाळून भरलेली खोकी दाराबाहेर रचून ठेवली, गाडीची वाट बघत. मी फोन लावला. काकूंनी उचलला.

"हाताला काही कळत नाही म्हणतात त्या. मी कानाशी धरते हं."

"आई, कशी आहेस?"

"बरी आहे." आवाज कोंडल्यासारखा. "आता कुठंच दुखत नाही. दिवे गेलेत का गं?"

मागून काकू कुजबुजल्या, "तोंडावर चांगलं ऊन आलंय. डोळे उघडे आहेत. अन् मघापासून अंधार, अंधार चाललंय."

"आई, घाबरू नकोस. मी येते. आजच निघते."

"ये. पण इथं कागद फार चुरचुरतोय बाई कानाशी."

बाहेर गाडीच्या ड्रायव्हरनं वरचं खोकं दोन्ही हातांनी उचललं. लेबल माझ्याच अक्षरातलं होतं: कवटी.

"अगं," आई म्हणाली, "कोण उचलतंय मला?"