हिरवा माणूस

बसा, पण ते मोबाइल आधी खाली ठेवा. आणि तू रे, जुनी गाडी घ्यायची म्हणतोस ना? घे बाबा. पण बुडालेल्या कंपनीची घेणार असशील, तर आधी हे ऐक. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझ्या नाकावरचा हा चष्मा त्यानंच केलाय.

तर हा चष्मेवाला. तोंडाचा पट्टा अखंड चालू. डोळे तपासता तपासता गिऱ्हाइकाच्या सासूचीही चौकशी करणार. ऐपत नसताना त्यानं एक आलिशान मोटरसायकल घेतली होती. आलिशान म्हणजे किती, तर मागे कोणी बसलं की थंडीत ती सीट आपोआप गरम व्हायची आणि समोर मीटरवर एक छोटासा हिरवा माणूस उजळायचा.

बायको हॉस्पिटलात नर्स. ड्युटी रात्री साडेदहाला सुटायची. दिवसभर हा दुकानात, ती वॉर्डात. दोघांची काय ती गाठ गाडीवर. हा दिवसभराचं सगळं बडबडायचा, ती मागून ऐकायची. हॉस्पिटल ते घर, एवढाच त्यांचा निवांत संसार. म्हणून त्या गाडीवर त्याचा भारी जीव.

आणि कंपनी बुडाली. शोरूमच्या जागी गाद्यांचं दुकान आलं. सुटे भाग मिळेनात. मग गाडीच्या मालकांनी आपसात एक रीत पाडली: ज्याची गाडी कायमची थांबेल, त्यानं ती सुटी करून बाकीच्यांना वाटून टाकायची. आणखी एक खोड सगळ्यांना जडली. मीटरवर कुठलाही दिवा लागो की विझो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. दुरुस्त करणार कोण? टाकी काठोकाठ भरलेली आणि पेट्रोल संपल्याचा दिवा चालू! हसायचं आणि पुढे जायचं.

गेल्या हिवाळ्यात चष्मेवाल्याचं मीटरच मेलं. मीटर, आतला कंट्रोल बॉक्स आणि किल्ली यांची जुळणी फक्त कंपनीच करायची. म्हणजे तिन्ही एकाच गाडीतली हवीत, नाहीतर गाडी ढिम्म हलणार नाही. शोधत शोधत तो एका वकीलसाहेबांकडे पोचला. निवृत्त गृहस्थ, बायको गेलेली, घरात एकटेच. गॅरेजात त्याच गाडीचा सांगाडा स्टँडवर उभा. चाकं, इंजिन, बॅटरी, वायरी, सगळं कुणी ना कुणी नेलेलं. उरलं होतं ते हे मीटर, बॉक्स, किल्ली आणि सीट.

"न्या," वकीलसाहेब म्हणाले. "फक्त एक करा. तो हिरवा माणूस विझला, तर पुढे जाऊ नका. मागे वळून बघा."

"साहेब, या गाडीच्या दिव्यांचं काय घेऊन बसलात!"

"माहीत आहे मला. तरी बघा."

म्हातारपणी माणूस हळवा होतो, असं मनाशी म्हणत चष्मेवाला सीट तेवढी सोडून बाकीचं घेऊन निघाला. दोन दिवसांत गाडी सुरू. स्वारी खूश.

जानेवारीतला तिसरा गुरुवार. रात्रीचे साडेदहा. थंडी अशी की हातमोज्यात बोटं आखडत होती. हॉस्पिटलच्या मागच्या गेटवरचा दिवा गेलेला. यानं रोजच्यासारखी गाडी चालूच ठेवली, कारण बंद केली की पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. नजर रस्त्यावर. मागे सीट दबली. हिरवा माणूस उजळला. कमरेला हात पडले.

एरवी बायको खांद्यावर दोनदा थाप मारायची, म्हणजे निघा. आज थाप नाही.

"दमलीस?" यानं विचारलं आणि निघाला.

मग पट्टा सुरू. आज एक आजोबा आले, चष्मा डोक्यावर आणि दुकानभर शोधतायत... एक बाई म्हणे फ्रेम अशी द्या की नवरा दिसलाच नाही पाहिजे... हा एकटाच हसतोय. मागून हूं नाही की चूं नाही. वारा आहे, ऐकू जात नसेल, असं यानं धरलं.

नाल्यावरचा पूल आला. चढाला गाडीला धक्का बसला.

हिरवा माणूस विझला.

यानं सवयीनं दुर्लक्ष केलं. हात तर कमरेला होतेच की.

तेवढ्यात छातीशी फोन थरथरला. पूल संपल्यावर गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. फोन कानाला लावला.

"अहो, कुठे आहात? पेशंट आला म्हणून उशीर झाला. मी गेटवर उभी आहे."

बायकोचा आवाज...

हात कमरेलाच. घट्ट.

"अहो? ऐकताय ना?"

त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा. वकीलसाहेबांचं बोलणं आठवलं. मान वळवायची हिंमत होईना. तरी वळवली... हळूहळू...

हात सुटले.

सीट रिकामी. रस्ता रिकामा. पुलावर कुणी नाही.

तो कसाबसा मागे गेला, बायकोला घेतलं. "थाप मार," म्हणाला. "मारत राहा." घर येईपर्यंत ती बिचारी थापा मारत होती. कारण विचारलं नाही, नवऱ्याचा चेहराच तसा झाला होता.

सकाळी त्यानं मीटर, बॉक्स, किल्ली काढली आणि वकीलसाहेबांचं दार वाजवलं. आपली गाडी आता कायमची गेली हे त्याला कळत होतं. वाईट वाटत होतं, पण ठेवून घ्यायची छाती नव्हती.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. घाबरले नाहीत. जवळ सरकले आणि विचारलं, "काही बोलली का?"

"नाही."

"बोलायची नाही. गाडीवर मीच बोलायचो." "त्याच पुलावर दिवा विझला होता. मी म्हटलं, असेल बिघाड. घरापर्यंत बोलत आलो. दारात गाडी लावून मागे बघितलं, तर..."

त्यांनी हातातली किल्ली उलटसुलट केली.

"नंतर वर्षभर रोज रात्री त्या रस्त्यानं हिंडलो. हिरवा माणूस एकदाही लागला नाही. वाटलं, माझ्यावर रुसलीय. दुसऱ्या कुणाच्या मागे तरी बसेल. म्हणून दिलं तुम्हाला."

...काय? चष्मेवाला आता कसा जातो? स्कूटरवर. बायको बसते, दोनदा थाप मारते. तरी तो वळून बघतो आणि मगच निघतो.

पण एक राहिलं. त्या सकाळी वकीलसाहेबांनी मीटर सांगाड्यावर नुसतं ठेवायला लावलं. वायर नाही, बॅटरी नाही, काही नाही. मग स्वतः पुढच्या सीटवर चढले, हँडल धरलं आणि बोलायला लागले. हळू आवाजात, घरातलंच काहीतरी. नळ गळतो, प्लंबर फिरकत नाही...

चष्मेवाला पाऊल न वाजवता निघाला. जागा अरुंद. जाताना आधाराला सांगाड्याच्या नळीवर हात ठेवला, तर बर्फासारखी गार. हात सरकून मागच्या सीटवर पडला.

सीट गरम होती.