एका नगाचा निकाल

मुलाचा पगार विचारण्याआधी त्याची चिप किती मारते हे विचारायची पद्धत नाशकात रुळली, तेव्हा त्यात काही वाईट आहे असं कोणाला वाटलं नाही. पगाराबद्दल लोक खोटं बोलत आणि पत्रिका हवी तशी बनवून मिळे. चिपचा अंक मात्र अच्युत टिपणिसांनी स्वतः, कॅमेऱ्यासमोर काढलेला असे. टिपणीस कोणाची भीड ठेवत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे पोह्यांच्या बशा पुढे येण्याआधी कोणीतरी आवाज खाली करून विचारी, टाचणीवर किती आहे? अंक साठच्या वर असला की पोहे दुसऱ्यांदा वाढले जात. चाळीसच्या खाली असला की पाहुण्यांना अजून एका ठिकाणी जायचं असल्याचं आठवे.

'टाचणी' हे टिपणिसांच्या चॅनेलचं नाव. फुगे फोडणं हे त्यांचं काम. आणि चिप म्हणजे पेशीचिप.

जुने सिलिकॉनचे प्रोसेसर इतकी वीज खाऊ लागले की घरात एक चांगला कॉम्प्युटर ठेवणं हत्ती पाळण्यासारखं झालं, तेव्हा 'अंकुर' नावाच्या कंपनीने मेंदूच्या पेशींनाच कामाला लावलं. माणसाच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, रसायनांनी त्यांना आपलं वय विसरायला लावायचं, म्हणजे त्या गर्भातल्यासारख्या कोऱ्या होतात. मग त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला शिकवायचं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जाळीवर त्या पसरतात, एकमेकींना धागे जोडतात आणि जाळीतून आलेल्या विजेच्या खुणांना उत्तरं देऊ लागतात. त्यांना लागतं साखरपाणी आणि अंगाएवढी ऊब. खोलीभर यंत्रांचं काम त्या एका दिव्याच्या विजेत करतात.

पेशी कोणाच्याही चालत. पण हौशी माणसाला कोणाच्याही कशा चालतील? पूर्वी जी मंडळी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला काच लावून आत लग्नाच्या मांडवासारखे रंगीत दिवे सोडत, त्यांनी आता स्वतःचं रक्त पाठवून स्वतःची चिप वाढवून घेतली आणि ती काचेमागे बसवली. घरी कोणी आलं की चहाच्या आधी तिकडे बोट दाखवत. म्हणत, हा मी.

एकदा 'हा मी' म्हटलं, की हा मी कितीचा, हा प्रश्न आलाच. उत्तर टिपणिसांकडे होतं. ते चिपला कधी न पाहिलेली कोडी घालत, मग ऊब वाढवत, मग साखर तोडत, आणि ती शंभरातली किती सोडवते ते बघत. तो टाचणी-अंक. रविवारी सकाळी त्याचा कार्यक्रम होई आणि लोक त्याला प्रेमाने 'धुलाई' म्हणत. मालेगावच्या एका प्राध्यापकांच्या चिपबद्दल टिपणीस म्हणाले होते की हिला कोडं घातलं की ही आधी रजेचा अर्ज करते. प्राध्यापकांचे विद्यार्थी ते वाक्य अजून म्हणतात.

टिपणिसांचा दबदबा मात्र आयता आलेला नव्हता. सिलिकॉनच्या काळात कंपन्या परीक्षकांना हजारातून निवडून काढलेला नग पाठवत आणि तुम्हाआम्हाला दुकानात उरलेला मिळे. एकाच साच्यातून निघालेल्या चिपांमध्येही एक तेज, एक मठ्ठ असते, हे त्या धंद्यातलं उघड गुपित. टिपणीस कंपनीची खोकी न उघडता परत करत आणि नाशकातल्याच कॅनडा कॉर्नरच्या तीन वेगळ्या दुकानांतून गुपचूप तीन नग आणत. एका नगाचा निकाल म्हणजे स्थळाचा फोटो, असं ते सांगत. पण पेशीचिप वाढायला चार महिने लागतात आणि माणूस स्वतःची एकच करून घेतो. म्हणून त्यांनी तीन नगांचा नियम तात्पुरता बाजूला ठेवला. तो बाजूलाच राहिला.

त्यांची स्वतःची चिप एक्क्याण्णवची होती. चॅनेलला शुभेच्छा म्हणून अंकुरने ती फुकट करून दिली होती. हे खोकं तेवढं त्यांनी परत केलं नाही, कारण आत तेच होते. राज्यात त्या अंकाच्या वर कोणी नव्हतं. खुर्चीच्या मागे, कॅमेऱ्यात बरोबर उजव्या खांद्यावर येईल अशी ती ठेवलेली असे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, ऋजुताने, हौसेने आपली चिप करून घेतली. ती एकोणीस वर्षांची होती, गणिताच्या मोठ्या संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणत होती. अंक निघाला अडतीस.

टिपणिसांनी हिशेब केला. दाखवलं नाही तर उद्या कोणीतरी म्हणणार, स्वतःच्या मुलीची झाकली. दाखवलं तर पुन्हा कधी कोणी तोंड उघडणार नाही. रविवारी त्यांनी ती चिप चिमट्यात धरून कॅमेऱ्याजवळ नेली. "ही माझ्या मुलीची," ते म्हणाले. "बाप म्हणून वाईट वाटतं. परीक्षक म्हणून सांगतो, घेऊ नका."

महाराष्ट्र आठवडाभर हसला. चॅनेलचे प्रेक्षक दुप्पट झाले. ऋजुताही हसली. परीक्षेची नावनोंदणी तिने केली नाही, आणि कोणी विचारलं तर अडतीसवाल्यांनी गर्दी कशाला करायची, असं हसतच सांगे. मग ती वडिलांच्या स्टुडिओत काम करू लागली. आलेल्या चिपांना साखरपाणी द्यायचं, नावं चिकटवायची, रविवारनंतर परत पाठवायच्या. तिची आई वृंदा तेव्हापासून रविवारी सकाळी भाजी आणायला जाऊ लागली. एकदाच ती नवऱ्याला म्हणाली होती, दुकानदार निदान माल परत तरी घेतो.

ह्या सगळ्याला तीन वर्षं झाल्यावर, एका बुधवारी दुपारी, डॉ. शैलजा गर्गे दोन पेट्या घेऊन स्टुडिओत आल्या. अंकुरमध्ये पेशी वाढवायचं तंत्र त्यांनीच बसवलं होतं आणि नुकतीच नोकरी सोडली होती. ऋजुता सामान आणायला सातपूरला गेली होती. बाईंनी एका पेटीतून सहा बिननावाच्या चिपा काढल्या आणि ह्यांचा क्रम लावून द्या म्हणाल्या.

टिपणीस खुशीत होते. एकोणतीसच्या चिपला त्यांनी नासलेलं दही म्हटलं. एक्केचाळीस आणि सत्तेचाळीसवाल्यांना सरकारी खात्यात चिकटवून टाकलं. बावन्न, सत्तावन्नला नुसती मान हलवली. सहावी अठ्ठ्याऐंशीवर गेली तेव्हा मात्र खुर्चीतून उठले आणि म्हणाले, हिच्या मालकाला माझ्याकडे पाठवा, असा माणूस मी शोधतोय.

"पाठवायला नको," गर्गेबाई म्हणाल्या. "सहाही एकाच मुलीच्या आहेत. ऋजुताच्या."

टिपणिसांचा पहिला संशय अदलाबदलीचा होता. कंपनी प्रत्येक माणसाच्या चिपांवर त्याची वेगळी खूण घाले, त्या खुणा बाईंनी दाखवल्या. कंपनीत गोठवलेल्या पेशींतून त्यांनी ह्या वाढवल्या होत्या. ऋजुताची परवानगी घेतली होती आणि कशासाठी हवंय हे तिने विचारलंही नव्हतं.

मग बाईंनी दह्याचाच धागा पकडला. एकाच दुधाला एकच विरजण लावून सहा वाट्या ठेवल्या, तर एक घट्ट लागते, एकीला पाणी सुटतं. कोणती वाटी कुठे होती, कोणत्या वाटीला जरा ऊब लागली, त्यावर ते ठरतं. पेशींचंही तसंच. पहिल्या दोन दिवसांत कोणती पेशी कोणाशेजारी पडली आणि तिने कोणाला धागा जोडला, हा निव्वळ योग असतो, आणि पुढची सगळी चिप त्यावर उभी राहते. त्यांनी चाळीस माणसांच्या मिळून शेकडो चिपा वाढवून पाहिल्या होत्या. प्रत्येकाचे अंक असेच वरखाली पसरतात, आणि प्रत्येकाची सरासरी पन्नासच्या आसपास येते.

"मग मी इतकी वर्षं काय मोजत होतो?"

"वाटी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या कोणाला हे पटायला महिना लागला असता. टिपणिसांना चहा निवायच्या आत पटलं, कारण ज्या चुकीवर त्यांनी अर्धं आयुष्य कंपन्यांना सोललं होतं, तीच ही चूक होती.

बाईंनी दुसरी पेटी पुढे सरकवली. अंकुरने टिपणिसांसाठी एक नाही, दहा चिपा वाढवल्या होत्या. सगळ्यांत चांगली होती ती त्यांना पाठवली. उरलेल्या नऊ ह्या.

"मला निवडलेला नग दिला?"

"तुम्हालाच देणार ना. परीक्षक तुम्ही."

बाईंचं मागणं साधं होतं. वयाच्या अटीमुळे ऋजुताला यंदाची परीक्षा शेवटची. नावनोंदणी पुढच्या शुक्रवारी बंद होणार. त्याआधी तिला कळायला हवं की तो अडतीस तिचा नव्हताच. पण नुसत्या तिच्या सहा दाखवल्या तर लोक म्हणतील, मुलगीच बेभरवशाची. शेजारी तुमच्या दहा ठेवा, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. टिपणीस म्हणाले, पेटी टेबलाखाली ठेवून जा.

रविवारपर्यंत त्यांनी ती पेटी टेबलाखालून काढली नाही. मुलीचा विषय आहे, त्यात आपलं कशाला मध्ये आणायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते बऱ्यापैकी पटलंही. धुलाईत त्यांनी ऋजुताच्या सहा चिपा मांडल्या, सगळे अंक खरे सांगितले, आणि आपल्या चाचणीत थोडीफार ढिलाई असू शकते असं म्हणून एक घोट पाणी प्याले. एक्क्याण्णव उजव्या खांद्यावर होती.

लोक आपल्याला हवं तेच ऐकतात. प्रेक्षकांना वाटलं, बाप विरघळला. काहींनी विचारलं, पोरीचं कुठे जमतंय का. अंकुर कंपनीला त्यात धंदा दिसला आणि मंगळवारी त्यांनी योजना काढली: सहा वाढवून घ्या, उत्तम ती ठेवा, उरलेल्या आम्ही विनामूल्य नष्ट करू. बुधवारी येवल्याच्या एका बापाने टिपणिसांना फोन करून विचारलं की मुलाच्या सहा पुरतील की डझनभर कराव्यात.

गुरुवारी संध्याकाळी टिपणीस स्टुडिओत आले तेव्हा ऋजुता साखरपाण्याच्या नळ्या धूत होती. त्यांनी नोंदणीचा विषय काढला. उद्या शेवटचा दिवस, असं दोनदा सांगितलं.

"मी हिशेब केला, बाबा," ती म्हणाली. "जुनी अडतीसही धरली. सात नगांची सरासरी पन्नास येते."

"म्हणून तर सांगतोय."

"आधी निदान शंका होती. एकच नग होता, तू चुकला असशील असं कधी कधी वाटायचं. आता सात आहेत. तूच म्हणतोस ना, नग वाढले की निकाल पक्का होतो."

तिने गणित बिनचूक केलं होतं. टिपणीस तिला समजावू लागले, की अगं, सगळ्यांचीच पन्नास येते, गर्गेबाईंनी चाळीस माणसांची काढली आहे, तो आकडा माणसाचा नसतोच. बोलताना त्यांना आपला आवाज मुलाचं स्थळ खपवणाऱ्या बापासारखा वाटला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुझीही पन्नास येते?"

त्यांची नजर टेबलाखाली गेली.

ऋजुता खाली वाकली आणि टेबलाखालची पेटी पायाने जरा पुढे ओढली. गेला आठवडाभर तिनेच त्या नऊ चिपांना साखरपाणी दिलं होतं. नावं नव्हती, पण कंपनीची खूण खुर्चीमागच्या चिपवर होती तीच होती.

"ह्या तुझ्या आहेत ना? लाव की मग. तासाभराचं काम आहे. मी बसते इथे."

टिपणिसांनी पेटी टेबलावर घेतली. झाकण उघडलं, चिमटा उचलला आणि पहिली चिप खाचेतून अर्धी वर काढली. मग एकदा चष्मा पुसला. म्हणाले, असं घाईत नको, ऊब नीट लागलेली नाही, चाचणी चुकीची येईल. रविवारी व्यवस्थित लावू.

आज गुरुवार होता. ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली. ती चिडलेली नव्हती, उलट तिने वडिलांच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि चिप परत जागेवर बसवली.

"नकोच लावूस," ती म्हणाली. "मला नापास करणारा एक्क्याण्णवचा होता, तेवढं तरी राहू दे."

टिपणिसांना एकदम मोकळं वाटलं. इतकं, की ते तिच्याशी इकडचं तिकडचं बोलू लागले, अंकुरच्या नव्या योजनेला येत्या रविवारी कसं सोलायचं ते रंगवून सांगू लागले, आणि ती योग्य जागी हसलीही. शुक्रवारी संध्याकाळी नोंदणी बंद झाली. शनिवारी सकाळी ऋजुता नळ्या जोडत होती, तेव्हा त्यांनी मागून येऊन सांगितलं की टेबलाखालच्या पेटीला आता साखरपाणी घालायची गरज नाही. तिने बरं म्हटलं आणि ती नळी काढून घेतली.