दहा मिनिटं पुढे

पाच मजले चढून ती आली होती ती भांडायलाच. लिफ्ट बंद, त्यामुळे राग कमी होण्याऐवजी मजल्यागणिक चढत गेला. चौथ्या मजल्याच्या वळणावर एक तरुण भेटला. काखेत कीबोर्ड, केसांवर पावसाचे चार थेंब.

"सर्व्हरची खोली कुठेय हो?"

"काय काम होतं?"

"तिथल्या माणसाची खरडपट्टी काढायचीय."

त्यानं कीबोर्ड दुसऱ्या काखेत घेतला. "चला, मी तिकडेच निघालोय. काय काय बोलणार आहात?"

आता कुणी विचारलंच म्हटल्यावर तिनं भडाभडा सगळं सांगून टाकलं. रुग्णालयाच्या दोन इमारती, जुनी आणि नवी, मधे रस्ता. दोन्हीकडे एकेक सर्व्हर आणि दोन्हींवर एकच यादी – आज कोणते डॉक्टर ड्युटीवर, कोणत्या नंबरवर सापडतील. इकडे बदललं की पंधरा मिनिटांत तिकडे बदलायला हवं. रोज सकाळी नऊला नव्या इमारतीत दिवसाची यादी भरली जायची. जुन्या इमारतीत बसून ती त्यातल्या चुका लगेच दुरुस्त करायची. आणि अर्ध्या तासानं बघावं, तर चूक पुन्हा आपली जागच्या जागी!

"म्हणजे तो माणूस तुमचं काम मुद्दाम पुसतोय?"

"मुद्दाम नसेल तर बेजबाबदार आहे. तोंडावर सांगणार आहे मी, तुम्ही बेजबाबदार आहात."

"'बेजबाबदार'च्या आधी जरा थांबा," तो गंभीरपणे म्हणाला. "वजन येईल."

तिनं थांबून म्हणून पाहिलं. खरंच वजन आलं. पाचव्या मजल्यावरच्या शेवटच्या दारापाशी तो थांबला, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"या, बसा... आता म्हणा."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण माघार घेईल तर ती कसली! तिनं सगळं पुन्हा म्हटलं, मधल्या थांबण्यासकट.

तिला रुग्णालयात सगळे यादीताई म्हणत, आणि ती ते नाव एखाद्या पदकासारखं मिरवायची. तिचे बाबा तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. शेकडो नंबर त्यांना तोंडपाठ. लेकीनं ती परंपरा यादीत चालवली होती. नवा माणूस आला की स्वतः फोन लावून खात्री केल्याशिवाय ती त्याचा नंबर चढवत नसे. आणि गेल्या आठवड्यात नेमका हृदयविकाराच्या डॉक्टरांचा नंबर चुकला. ऑपरेटर वीस मिनिटं एका कुलूपबंद खोलीतल्या फोनची घंटी वाजवत राहिली. पेशंट वाचला, पण बालंट यादीताईवर आलं. शुक्रवारी अकरा वाजता अधीक्षकबाई निर्णय देणार होत्या. यादी तिच्याकडून काढून घ्यायची असं जवळपास ठरलंच होतं.

"तुमच्या यादीला मी हातही लावलेला नाही," तो म्हणाला. ती विश्वास न ठेवताच उठली. त्यानं दिलेला चहा मात्र संपवून उठली.

मग रोज साडेनऊला फोन सुरू झाले.

"जुनी इमारत बोलतेय. आज दोन दुरुस्त्या पुसल्या गेल्या."

"नवी इमारत ऐकतेय. सुप्रभात तरी म्हणा."

"चूक सापडली की म्हणेन."

"मग शोधतोच. त्या सुप्रभातसाठी तरी..."

तिनं रिसीव्हर ठेवला आणि थोडा वेळ त्याच्यावरचा हात काढलाच नाही.

गुरुवारी दुपारी तो रस्ता ओलांडून, अर्धा भिजून तिच्या टेबलापाशी आला. "पुसलेल्या दुरुस्त्या तुम्हाला नेमक्या कशा कळतात?"

तिनं खणातून वही काढली. प्रत्येक दुरुस्ती, तिची वेळ, आणि टिकली की गेली. बाबांची सवय. तो वाकून पानं उलटू लागला. त्याच्या ओल्या बाहीचा गारवा तिच्या कोपराला लागला... तिनं कोपर हलवलं नाही. एकाएकी त्याचं बोट वेळांच्या रकान्यावर थांबलं.

"नऊ चारची गेली. नऊ सहाची गेली. नऊ आठची गेली. पण सव्वानऊनंतरची एकही गेलेली नाही."

"मग?"

"दोन सर्व्हरवर दोन वेगळे नंबर असले, तर ज्यावर नंतरची वेळ पडलीय तोच राहतो. तुम्ही तर नंतरच दुरुस्त करता, तरीही..." तो थांबला. "तुमच्या घड्याळात किती वाजलेत?"

"चार वीस."

त्यानं आपलं मनगट तिच्यापुढे धरलं. साडेचार.

शाळेपासून त्याला उशीर व्हायचा, म्हणून आईनं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून दिलं होतं. ते आजतागायत तसंच होतं, आणि ते पुढे आहे हे तो केव्हाच विसरला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याचा सर्व्हर बंद पडून सुरू झाला, तेव्हा वेळ आपोआप लावून घ्यायला बाहेरचं नेटवर्क नव्हतं. पठ्ठ्यानं मनगटावर बघून वेळ लावली होती! नऊला भरलेल्या यादीवर नऊ दहाची वेळ पडत होती, आणि तिची नऊ चारची दुरुस्ती सर्व्हरला आधीची वाटत होती.

"म्हणजे मी आळशी असते, चहाबिहा पिऊन सावकाश दुरुस्त केलं असतं, तर..."

"तर टिकलं असतं. तुम्ही फार तत्पर आहात, तीच पंचाईत झाली."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "उद्या अधीक्षकबाईंना काय सांगणार?" तिनं विचारलं. "आधी सर्व्हरची वेळ सुधारतो," म्हणत तो रस्त्यापलीकडे धावला. केबलचा दोष होता, दुरुस्त केला, असं म्हणून मोकळं होणं त्याला सहज शक्य होतं. रात्रभर तिला तीच धास्ती होती.

शुक्रवारी अकरा वाजता भरल्या बैठकीत अधीक्षकबाईंनी फाइल उघडली, तोच तो उभा राहिला.

"चूक माझी आहे, मॅडम. सर्व्हरची वेळ मी मनगटावर बघून लावली, आणि माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. यांची वही नसती तर कुणाला कळलंही नसतं. या दोन महिन्यांत यांच्या हातून एकही नंबर चुकलेला नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मनगटावर बघून?"

"हो, मॅडम." त्याचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती.

त्याला लेखी समज मिळाली. यादी तिच्याकडेच राहिली, वर नव्या इमारतीचीही तिच्याकडे आली. तिचा ऊर अभिमानानं भरून आला. आधी स्वतःच्या कामाचा अभिमान, तो तर तिच्या रोजच्या ओळखीचा. पण त्या ताठ मानेकडे बघून जो दाटून आला, तो तिला अगदी नवा होता.

तिनं घरी फोन लावला. "बाबा, एकही चुकला नव्हता."

"एकही?" बाबांनी घसा खाकरला. बराच वेळ खाकरत राहिले. "सांगितलं कुणी?"

"आहे... एक जण."

"असं! मग त्या एक जणाला जेवायला बोलव."

संध्याकाळी सहाला फाटकापाशी भेटायचं ठरलं होतं. सहा वाजता ती छत्री घेऊन हजर. सहा पाच झाले. आयुष्यात कुणासाठी न थांबलेली यादीताई पावसात उभी होती, आणि तिला राग येत नव्हता. सहा दहाला तो धापा टाकत आला.

"घड्याळ आज बरोबर लावलं... म्हणून उशीर झाला. फार वाट पाहिलीत?"

"दहा मिनिटं."

"चिडलात?"

"नाही." तिनं छत्री त्याच्या डोक्यावर धरली. "दहा मिनिटं थांबलं की माझं टिकतं, हे तूच शोधून काढलंस ना? आता ऐक. मला तू आवडतोस. सगळ्यांसमोर उभा राहिलास तेव्हापासून... नाही, त्याच्याही आधीपासून."

त्यानं तिच्या हातातली छत्री घेतली, तिच्या बाजूला जास्त कलती केली, आणि हळूच विचारलं, "आता तरी सुप्रभात म्हणशील?"

"संध्याकाळ आहे, वेड्या," ती म्हणाली. "उद्या म्हणेन. बरोबर नऊला."