कराट्याची कॅसेट

मूल गावच्या बाजारगल्लीत विशाखाची सायकल अडली ती खड्ड्यात नाही, दगडावर नाही... चक्क कराट्यात!

व्हिडिओ हॉलच्या ओसरीवर श्रावण एक कॅसेट उघडून बसला होता. मशीननं चावलेली फीत तो बोटांनी हळूहळू सोडवत होता. तेवढ्यात वारा सुटला, काळी चकचकीत फीत रस्त्यावर उडाली आणि विशाखाच्या पुढच्या चाकात जाऊन बसली.

“थांबा बाई, थांबा! पायडल नोका मारू!”

“काऊन? काय झालं?”

“तुमी कराटेवाल्याले चाकाखाली घेतलं ना!”

विशाखानं घाबरून खाली पाहिलं. मग तिला फीत दिसली, फितीमागे धावत आलेला तो दिसला, आणि हसू काही आवरेना. तो चाकापाशी उकिडवा बसला. एकेका तारेतून फीत काढताना त्याचे हात इतके जपून चालत होते, की ती उगाचच बघत राहिली. माणसाचे हात बघत उभं राहायचं वय तिचं होतंच, पण कबूल कोण करणार!

“कराटे म्हंजे... मारामारीचा सिनेमा?”

“नाई, शिकवाची कॅसेट हाये. कोणी हात धरला त कसा सोडवाचा, गळा धरला त काय कराचं. नागपूरहून आली. पण इथी कोणी पाहत नाई. गाणेच नाई ना त्यात!”

विशाखाचं हसू थांबलं. “पाहून शिकता येते?”

“पाहून त माणूस पोहाले बी शिकते,” तो म्हणाला. “फक्त पाण्यात नाई उतराचं.”

त्याला गंमत सुचत होती. तिचा मात्र जीव टांगणीला लागला होता. नर्सचं शिक्षण पुरं करून तिला नेमणूक मिळाली होती — कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातल्या उपकेंद्रावर. राहायचं एकटीनं, बाळंतपणाला बोलावणं आलं की अवेळीही निघायचं. आधीची नर्सबाई दार वाजवणाऱ्या दारुड्यांना कंटाळून निघून गेली, हे देवरावच्या कानावर आलं आणि त्यानं या नोकरीवर फुली मारली. देवराव तिचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर राइस मिलमध्ये पोती उचलून त्यानंच तिला शिकवलं होतं. त्याचं मन मोडून जाणं तिला जमणारं नव्हतं. ती फार रडली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “माह्या हातातून हात सोडवून दाखव. मंग जाय.”

तिनं हे सगळं श्रावणला सांगितलं. अनोळखी माणसाला एवढं का सांगितलं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

“दुपारी हॉल रिकामा असते,” तो म्हणाला. “चंदाबाई झाडू माराले येते. तुमी या.”

पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक गोरा माणूस भराभरा इंग्रजी बोलायचा आणि श्रावण त्याचं मराठी करायचा.

“तो म्हणून राह्यला, का घाबरू नोका.”

“एवढं लांब बोलला, आन् एवढंच?”

“बाकी त्याच्या घरचं सांगून राह्यला.”

पडद्यावर हात धरायला माणूस होता, इथे नव्हता. चंदाबाईनं झाडू टेकवला. “मी धरू काय?”

“नोको, तुमचे हात केरानं भरले,” श्रावण घाईघाईनं म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

त्यानं विशाखाचं मनगट धरलं, गरम चहाची बशी धरावी तसं. तिनं पडद्यावरच्यासारखं मनगट त्याच्या अंगठ्याकडे फिरवलं... आणि हात सुटला!

“सुटली! पाहा, सुटली मी!”

ती हसली. तो बघत राहिला. मग रोज दुपारी हेच. तो धरायचा, ती सुटायची, हसायची, आणि सुटल्यावर हाताला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. सायकलवरून घरी जाताना ती दुसऱ्या हातानं ते मनगट चाचपायची.

एका रविवारी, अंगणात, तिनं ऐटीत हात पुढे केला. देवरावनं धरला. तिनं मनगट फिरवलं. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलं, झटका दिला, डोळ्यांत पाणी आलं... देवरावची मूठ तसूभर हलली नाही. त्यानंच शेवटी हळूच हात सोडला.

“राहू दे बाई,” तो म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता. “नाई म्हणून कळवून टाक नोकरीवाल्याइले.”

दुसऱ्या दिवशी ती तणतणत हॉलमध्ये शिरली. “खरं सांगा. तुमीच सोडत होते ना हात?”

श्रावण खाली पाहू लागला. “तुमाले लागलं असतं...”

“तिथी जंगलात जो धरन, त्याले माह्या हाताची काळजी राहीन काय? तुमच्या मायेनं माही नोकरी जाऊन राह्यली, श्रावण!”

तिनं पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं, आणि तेही असं रागानं. चंदाबाई झाडू थांबवून ऐकत होती, पण आता त्याला त्याचंही भान राहिलं नाही.

“तुमी मले आवडता,” तो म्हणाला. “म्हणून जोर नाई लागत. आन् खरा धरला, तुमी शिकल्या... त तुमी चालल्या जाल.”

पडद्यावर एक माणूस आपटला, उठला. विशाखाचा राग कुठल्या कुठे गेला, पण तिनं हात पुढे केला.

“आन् नाई धरला, त मी इथी चुलीपुढं कुढत बसन. तसी पायजे काय तुमाले?”

त्यानं तिचं मनगट धरलं. तलावावर बापाबरोबर जाळं ओढून घट्ट झालेला तो हात तिला आज पहिल्यांदा कळला. तिच्या तोंडून “आई गं” निघालं. तो दचकला, पण त्यानं सोडलं नाही. ती हरली, कॅसेट मागे फिरवून पुन्हा बघितली, पुन्हा हरली. मग तिच्या लक्षात आलं, की पडद्यावरचा माणूस नुसतं मनगट फिरवत नाही. कोपर पुढे घालतो, अख्खं अंग त्यात टाकतो. कॅसेट पहिल्या दिवसापासून तेच दाखवत होती. पण सोपं सुटत असताना नीट बघायची गरज कुणाला होती!

बऱ्याच वेळानं तिचा हात खरोखर सुटला. ती तोल जाऊन मागच्या बाकावर बसली. या वेळी दोघंही हसले नाहीत.

“आता झालं तुमचं,” श्रावण म्हणाला, आणि पाठ फिरवून मशीनची वायर उगाच काढू-लावू लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवरावनं पुन्हा तिचा हात धरला. विशाखानं कोपर पुढे घातलं, अंग टाकलं... आणि देवराव आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिला.

“जाय,” तो म्हणाला. “पण सुटीत येत जाजो.” मग त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. तिथे निळे डाग उमटले होते. “कोणं शिकवलं?”

“कॅसेटनं.”

“कॅसेटले बोटं असते काय, विशाखा?”

तिनं हात पदराखाली घेतला. मग पुन्हा बाहेर काढला. “श्रावण हाये तो. व्हिडिओवाला. ढीवराचा पोरगा हाये, भाऊ, मासोळ्या धरणाऱ्याचा. मले आवडते.”

देवरावनं तिच्याकडे पाहिलं. “तू जाशीन, हे त्याले माहीत होतं?”

“हो.”

“तरी एवढा जोर लावला?”

“हो.”

त्यानं तिचा हात हातात घेऊन ते डाग पुन्हा पाहिले. “मंग बोलाव त्याले,” तो म्हणाला.

सकाळी ती हॉलवर गेली तेव्हा श्रावण बाक लावत होता.

“भावानं बोलावलं तुमाले.”

त्याचा चेहरा उतरला. “माराले?”

“जेवाले.”

त्याच्या हातातला बाक धाडकन खाली पडला. ती दारातच उभी राहिली, चपलेच्या अंगठ्याशी खेळत. “तिकडं माह्या नोकरीच्या गावात व्हिडिओ नाई म्हणते...”

“मंग?”

“मंग... कोणी तरी नेला पायजे.”

श्रावण नुसता बघत राहिला. कोपऱ्यातून चंदाबाई ओरडली, “अरे बापा, तुले बोलावून राह्यली ते!”

“हो,” विशाखा म्हणाली, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही. “मले बी तुमी आवडता. आधी मी जाऊन येतो, घर पाहतो. मंग तुमी या.”