खंडेनवमीला विझवलेला दिवा

आमच्या सातपूरच्या कारखान्यात दिवे बनतात, भर समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर लावायचे. धोका असला की ते लाल लुकलुकतात आणि हेलिकॉप्टरला सांगतात, उतरू नका. नाशिकला समुद्र नाही, म्हणून चाचणी गच्चीवर होते. ती बघते मी, आणि भुताखेतांशी माझं कधीच पटलेलं नाही.

नवा दिवा अबरारने जोडला होता. आठवडाभर न विझता चालला, तर तो नोकरीत कायम होणार होता. त्याचं लग्नही त्यावरच अडलेलं. शेवटच्या दिवशी नेमकी खंडेनवमी आली.

आमचे सुपरवायझर चिंतामणकाका हळदकुंकू घेऊन गच्चीवर हजर झाले. "आज सगळी यंत्रं बंद. दिवा पण यंत्रच."

"काका, टेस्ट तुटली तर माझं परमनंट होणं गेलं ना!"

"पूजेपुरता रे. असा डोळे वटारून बसलेल्याला कुंकू कसं लावू?"

काकांपुढे मालकांचंही चालत नाही. अबरार चडफडत खालच्या पॅनेलकडे गेला. दिवा विझला.

काकांनी झेंडूची माळ घातली आणि वारा आला. बाजूने नाही, सरळ डोक्यावरून. पाकळ्या फरशीला चिकटल्या, रांगोळी चारी दिशांना पळाली, काकांची टोपी शेजारच्या मसाल्याच्या कारखान्यात गेली. आभाळ निरभ्र होतं. आवाज कसलाच नव्हता.

मग गच्ची दणकन हादरली.

"हवा असते अशी कधीकधी," मी म्हणाले आणि जिन्याकडे पळाले. काका माझ्या पुढे होते.

आमचे चेहरे पाहून अबरारने न विचारताच बटण दाबलं. पॅनेलवरच्या स्क्रीनवर गच्चीतला दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

"म्हणजे आठवडाभर या दिव्यानेच त्यांना वर अडवून धरलं होतं," तो म्हणाला. "मॅडम, पास लिहा ना."

"लिहिते." मी इतकी घाबरले होते की त्याने सांगितलं ते काहीही लिहिलं असतं.

काकांना जरा धीर आला. "लागला ना दिवा? आता जातील."

"कसे जातील, काका?" अबरार म्हणाला. "हा फक्त उतरू नका सांगतो. उतरलेल्यांना जा म्हणणारा दिवा आपण बनवतच नाही."

आम्ही तिघेही खाली होतो. वर पावलं वाजली.

शिस्तीत, रांगेने, जिन्याच्या दिशेने.

काकांनी प्रसादाचे आणखी द्रोण मांडायला घेतले.