काळी दोनचा एलिया

सारा दारातच थबकली. दफनभूमीची माती तिच्या चपलांना अजून तशीच होती.

"ताई, बाप मातीत गेला आणि नवरा कोठडीत. मी कुणासाठी रडू?"

मनवाने तिला बसवलं. नगरात खासगी तपास करणाऱ्या मनवाकडे रडत आलेली माणसं नवी नव्हती. पण ही रडत नव्हती. मनवाचा सहायक केदार पाणी घेऊन आला.

साराचे वडील एलिया राहुरीच्या ख्रिस्ती भजनी मंडळाचे मुख्य गायक. परवा संध्याकाळी ते तालमीच्या खोलीत मरून पडलेले सापडले. डोक्यावर तबल्याच्या हातोडीचा घाव. पाहिलं ते जावयाने, स्टीफनने. खोलीत तो एकटाच, म्हणून पोलिसांनी त्यालाच धरलं.

"सासऱ्याशी भांडण?" केदारने विचारलं.

"छे! रोज तोच बाबांना पेटीची साथ करायचा."

राहुरीला पोहोचल्यावर मनवा आधी तालमीच्या खोलीत गेली. पोलिसांनी विजेवरच्या सूरपेटीची नुसती वायर काढली होती, बटणं होती तशीच होती. तिने ती लावली. अखंड सूर खोलीभर पसरला. मग तिने तबल्यावर थाप मारली.

केदारने तोंड वाकडं केलं. "ही दोघं भांडलीत का?"

"सूरपेटी काळी दोनवर आहे, तबला खाली, पांढरी एकवर."

"मराठीत सांगा, ताई."

"गवयाचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर, ती त्याची पट्टी. काळी दोन उंच. पुरुषाला तिथे दम लागतो. म्हणून तर अख्खा तालुका त्यांना 'काळी दोनचा एलिया' म्हणायचा."

तबलजी वैजनाथ ओट्यावर बसला होता.

"हातोडी तुमची?"

"माजीच. हितंच ठेवतो. सकाळी हितला तबला मिळवला अन् घरचा घिऊन शेवगावला लग्नात वाजवाया गेल्तो. अख्खं वऱ्हाड साक्षीला हाय."

"कुणाच्या पट्टीत मिळवला?"

"एलियादादांच्याच. दुसऱ्या कुनाच्या?" वैजनाथने नजर फिरवली.

समोरच्या टपरीवर मंडळाचा दुसरा गायक श्रीमंत भेटला.

"मी दुपारभर इथंच होतो. सूरपेटी वाजायला लागली तशी मीच म्हणालो, ऐका, एलिया बसला रियाजाला."

"गळा ऐकू आला?"

"खर्ज लावत असेल. खालचे सूर भिंतीबाहेर येत नाहीत."

"तुम्ही जायचात तालमीला?"

"गेल्या नाताळपासून पायरी चढलो नाही. वर्षानुवर्षं झील धरली त्याची. त्याची ओळ त्याच्यामागून उचलायची. झीलकऱ्याला पुढची गादी मिळते होय कधी?"

ठाण्यात स्टीफन गजाआड मान खाली घालून बसला होता.

"तू आत गेलास तेव्हा सूरपेटी काळी दोनवर होती?"

"होती."

"खटकलं नाही?"

"मेलेल्या माणसाची पट्टी चारचौघांत काढायची नसते, ताई."

मनवाने सगळ्यांना तालमीच्या खोलीत जमवलं. फौजदार स्टीफनला घेऊन आले.

"तबला खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "तो सकाळी एलियादादांच्या पट्टीत मिळवला होता. पांढरी एक. दादांचा गळा उतरला होता. वैजनाथ, खरं ना?"

वैजनाथने डोळे पुसले. "वरीस झालं. शपत घातलीवती मला अन् स्टीफनला."

"म्हणजे सूरपेटीही पांढरी एकवरच असायची. कुणीतरी ती वर चढवली. या दोघांपैकी कुणी हात लावला असता तर ती होती तिथेच राहिली असती. बाहेरच्या चोराला ती लावायचं सुचलंच नसतं. लावली अशा माणसाने, ज्याला दादा रियाजाला बसलेत असं भासवायचं होतं. सूर खाली लागला, तो त्याच्या कानाला चुकीचा वाटला. सवयीने त्याने तो दुरुस्त केला. मग टपरीवर जाऊन 'ऐका' म्हणाला. वर्षभर पायरी न चढलेला माणूस. श्रीमंत, जुन्या एलियाचा सूर फक्त तुमच्याच कानात उरला होता."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. श्रीमंत भिंतीला टेकला.

"त्यानेच निरोप धाडला होता. म्हणाला, यंदाच्या नाताळला गादीवर... मला वाटलं, पुन्हा हिणवतोय. पुढचं ऐकलंच नाही मी. हातोडी हाताशी होती."

"म्या सांगतो पुढचं," वैजनाथ म्हणाला. "'यंदा गादीवर श्रीमंतनं बसावं, मी त्याची झील धरतो.' येवढंच बोलायचं हुतं दादांना. त्याच्यासाठीच तुमाला बोलिवलं हुतं."

फौजदार श्रीमंतला घेऊन गेले.

स्टीफन मोकळा झाला, तरी दारातच उभा राहिला. सारा सूरपेटीपाशी बसली. तिने हळूच बटण फिरवलं. काळी दोनवरून सूर खाली उतरला आणि पांढरी एकवर, तबल्याच्या गळ्यात गळा घालून थांबला.

"या बाबा," ती म्हणाली. "आता लपवू नका."